जँगोतून हजारो नोंदी झटपट कशा भराव्यात

फोंड्याजवळच्या एका वाचनालयाची जुनी दाखल रजिस्टरं आम्ही एक्सेलमध्ये उतरवली आणि जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरायला घेतली. प्रत्येक ओळीला सेव्ह, म्हणजे प्रत्येक पुस्तकामागे डेटाबेसकडे निदान एक फेरी. रायबंदरहून चोडणला एकेक माणूस घेऊन फेरीबोट सोडावी, तसलं काम.

आधी फेऱ्या मोजा. जँगोच्या सेटिंगमधलं डीबग चालू ठेवून शंभर ओळी भरा आणि कनेक्शनच्या क्वेरीजची, म्हणजे डेटाबेसला पाठवलेल्या आज्ञांची, यादी पाहा. खऱ्या कामाच्या वेळी डीबग बंदच हवं, नाहीतर त्या क्वेरी मेमरीत साचत राहतात.

मग सेव्हऐवजी, एकाच क्वेरीत अनेक ओळी भरणारा बल्क क्रिएट वापरा. बॅच साइझ, म्हणजे एका वेळी किती ओळी पाठवायच्या तो आकडा, हजारापासून सुरू करून मोजत वाढवा. एका क्वेरीत किती मूल्यं पाठवता येतात, यालाही मर्यादा असते: एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या 3.32 आवृत्तीपूर्वी ती 999 होती, नंतर 32,766 झाली. म्हणजे आठ रकान्यांची ओळ असेल तर जुन्या एसक्यूलाइटमध्ये एका वेळी 124 ओळीच मावतात.

एवढं करूनही वेग वाढत नसेल, तर लूपच्या आत डोकवा. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकासाठी लेखक शोधणारा आणि नसेल तर नवा भरणारा गेट ऑर क्रिएट तिथे बसला होता. खरा वेळ तोच खात होता! सगळे लेखक एकदाच आणून नाव आणि आयडीची डिक्शनरी करा, नसलेले लेखक आधी बल्कने भरा, आणि पुस्तकाला थेट लेखकाचा आयडी द्या. त्यापूर्वी नावं साफ करा. ‘गावकर’, ‘गांवकर’ आणि शेवटी स्पेस राहिलेला ‘गावकर’ हे संगणकाला तीन लेखक वाटतात.

फाइल मोठी असेल तर सगळी लिस्ट एकदम बनवू नका. बॅच साइझ दिला तरी बल्क क्रिएट आधी सगळे ऑब्जेक्ट मेमरीत घेतो. म्हणून पायथनच्या आयस्लाइसने तुकडे तुम्हीच पाडा. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, म्हणजे एकतर सगळं भरेल, नाहीतर काहीच नाही. पावसाळ्यात मध्येच वीज गेली, तर अर्धं रजिस्टर भरलेलं सापडणार नाही.

आणि हे विसरू नका: बल्क क्रिएट तुमची सेव्ह मेथड चालवत नाही, सेव्हच्या आधी आणि नंतर जाणारे प्री सेव्ह आणि पोस्ट सेव्ह सिग्नलही पाठवत नाही. आमचा दाखल क्रमांक सेव्हमध्येच तयार व्हायचा; पहिल्या खेपेला सगळी पुस्तकं क्रमांकाविना बसली. असा हिशोब ऑब्जेक्ट बनवतानाच करून टाका.