आदिवासी मुलांसोबतच्या कामाची नोंद: निवृत्तीआधी काय आणि कसं लिहून ठेवायचं

आदिवासी वसतिगृहं, जात पडताळणी, वनहक्काचे दावे यांत पंचवीस-तीस वर्षं घालवलेला नागपूरचा कार्यकर्ता निवृत्त होतो, तेव्हा हाराफुलांच्या कार्यक्रमात त्याचं कौतुक होतं आणि कामाची खरी माहिती त्याच्यासोबत घरी जाते. स्मरणिकेत फक्त यश छापून येतं. नव्या माणसाला हवं असतं ते बंद पडलेल्या कामांचं कारण. निदान वर्षभर हाताशी असतानाच लिहायला बसावं, कारण गावात जाऊन विचारायला वेळ लागतो.

एक जाड रजिस्टर घ्या. वर्षवार लिहू नका; एका गावाला किंवा एका वसतिगृहाला दोन-दोन पानं द्या. रकाने चार: काय केलं, कुणी ठरवलं, कधी थांबलं, का थांबलं. चौथ्या रकान्यात ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असं लिहायची मनाई समजा. मे महिन्यात शिवणवर्ग ओस पडला असेल, तर घरातली सगळी माणसं पहाटेच तेंदूपानं तोडायला गेली होती का? जुलैमध्ये मुलं अभ्यासिकेत यायची थांबली, तर रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू होती का? की ३१ मार्चला निधी संपला आणि गावाला कुणी कळवलंच नाही? हे शेवटचं कारण लिहायला कार्यकर्ते कचरतात. तेच आधी लिहा.

तारखा आठवत नाहीत म्हणून अडून बसू नका. गावातल्या माणसांना हंगाम पक्का आठवतो: मोहफूल म्हणजे मार्च-एप्रिल, त्यामागे तेंदू, मग रोवणी. वर्ष ठरवायला मोठ्या घटना धरा. नागपुरातल्या गोवारी मोर्चातली चेंगराचेंगरी २३ नोव्हेंबर १९९४ ची, पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा, राज्याचे पेसा नियम २०१४ चे, टाळेबंदी मार्च २०२० ची. ‘दावा भरला तेव्हा मुलगी कितवीत होती?’ या प्रश्नाला ‘कोणत्या साली?’पेक्षा चांगलं उत्तर मिळतं. जुने कागद लावताना जिल्ह्याच्या नावावर विसंबू नका. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. देवरीचं गाव १९९५ च्या कागदावर भंडारा जिल्ह्यात दिसतं आणि भलत्याच गठ्ठ्यात जातं. गठ्ठा गावाच्या आणि तालुक्याच्या नावाने बांधा.

पेट्यांमध्ये लोकांचे कागद हमखास निघतात: शाळा सोडल्याचे दाखले, कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला, वंशावळीची प्रतिज्ञापत्रं. अनुसूचित जमातीच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणून असा एक कागद म्हणजे एका घराची पुढची पिढी. मूळ प्रत सही घेऊन परत करा. लॅमिनेशन करू नका, एकदा चढलं की कागद न फाडता निघत नाही. टाचण्या आणि स्टेपल आधी काढा, गंजाचा डाग अक्षर खातो. फॅक्सचा गुळगुळीत कागद आपोआप पुसट होतो, त्याची छायाप्रत आजच काढा. स्कॅन ३०० डीपीआयला, फोटो ६०० ला. अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नका, जागेवरच त्याचा फोटो घ्या.

मुलाखती घेताना नागपूरचा मोठा शत्रू कूलर. त्याची घरघर नंतर नीट काढता येत नाही. उन्हाळ्यात सकाळी सातला बसा, कूलर बंद ठेवा, फोन विमान मोडवर टाकून बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर जाड कापडावर ठेवा. एका बैठकीला पाऊण तास पुरे. माणूस गोंडीत, माडियात किंवा कोरकूत बोलत असेल तर त्याला मराठीत ओढू नका. आधी त्याच बोलीत देवनागरीत उतरवा, खाली मराठी लिहा. दुभाषा शक्यतो त्याच गावचा घ्या, पण नात्यातला नको. नात्यातला माणूस भांडणाच्या गोष्टी गाळतो.

नावांबाबत ढिलाई नको. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करणं पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार गुन्हा आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. गावाचं नाव आणि इयत्ता एवढ्यावरूनही पाड्यात मूल ओळखू येतं, म्हणून दोन्ही बदला. गडचिरोलीच्या नोंदीत कुणी पोलिसांबद्दल किंवा नक्षलवाद्यांबद्दल काय म्हणालं, ते त्याने परवानगी दिली असली तरी नावानिशी लिहू नका.

मसुदा छापायला देण्याआधी त्या-त्या गावात मोठ्याने वाचून दाखवा. वेळ रात्री जेवणानंतरची, बायका आणि तरुण मुलं दोघं हजर असतील अशी. ‘हे आम्ही ठरवलं होतं, तुम्ही नाही’ असं ऐकायला मिळेल. दुसरा रकाना तिथेच बसून दुरुस्त करा. मतभेद मिटले नाहीत तर दोन्ही बाजू लिहा.

शेवटी तीन प्रती: एक संस्थेत, एक गावाच्या ग्रामसभेकडे फक्त त्यांच्या पानांची, एक शहराबाहेर दुसऱ्या कुणाकडे. पेनड्राइव्ह ही एकमेव प्रत कधीच नसावी. नोंदीतली खरी नावं कुठल्या वहीत आहेत आणि ती वही कोण उघडू शकतं, हे एका कागदावर लिहून जबाबदारी घेणाऱ्याची सही घ्या.