‘काम’ म्हणजे ‘वर्क’ एवढ्यावर भागत नाही

नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी लिहायला शिकवते. त्यांच्या ईमेलमध्ये आणि अर्जांमध्ये माझी लाल शाई सगळ्यात जास्त सांडते ती एका साध्या नामाभोवती: वर्क. शब्द शाळेतल्या पहिल्या धड्यांतला, त्यामुळे शब्दकोश उघडायची कुणाला गरज वाटत नाही. उघडला तरी पहिला अर्थ ‘काम’ असाच दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. आपलं ‘काम’ सगळ्यांच्या कामाला येतं. ‘वर्क’ तेवढा मनमिळाऊ नाही.

आधी मोजणीचं बघू. ‘आज मला दोन कामं आहेत’ याचं ‘आय हॅव टू वर्क्स टुडे’ होत नाही. कष्ट, मेहनत, कचेरीतलं काम या अर्थी वर्क मोजता येत नाही. त्याला ‘अ’ लागत नाही आणि शेवटी ‘स’ही लागत नाही. भरपूर काम असेल तर ‘अ लॉट ऑफ वर्क’, थोडंसं असेल तर ‘अ बिट ऑफ वर्क’. आणि दोनच कामं असतील तर? ‘टू थिंग्ज टू डू’. विद्यार्थी इथे ‘टास्क’ शोधत बसतात. चुकीचं नाही, पण टास्कला नेमून दिलेल्या कामाचा वास येतो. बँकेत जायचंय आणि दिवा बदलायचाय, यासाठी ‘थिंग्ज’ पुरे.

‘वर्क’ मोजता येतो तो कलाकृती किंवा साहित्यकृती या अर्थी. चित्र, शिल्प म्हणजे ‘अ वर्क ऑफ आर्ट’. शेक्सपिअरचं समग्र साहित्य म्हणजे ‘द कम्प्लीट वर्क्स’. म्हणून बायोडेटात ‘माय वर्क्स’ असं शीर्षक दिसलं की मी विचारते, तुम्ही कवी की चित्रकार? हिशेबनीस असाल तर तो ‘स’ खोडा. ‘वर्क्स’ला आणखीही अर्थ आहेत: स्टीलवर्क्स म्हणजे पोलादाचा कारखाना, घड्याळाचे वर्क्स म्हणजे आतली यंत्रणा, आणि ब्रिटिश इंग्रजीत रोडवर्क्स म्हणजे रस्त्याची डागडुजी.

भौतिकशास्त्रात मात्र वर्कचा आकडा काढता येतो. बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन, असा हा अर्थ कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२९ च्या आपल्या पुस्तकात मांडला. पण तिथेसुद्धा मोजतात ते ज्यूल: ‘५० ज्यूल्स ऑफ वर्क’ म्हणतात, ‘५० वर्क्स’ नाही. व्याकरण शास्त्रज्ञांनाही सोडत नाही.

आता छोटे शब्द, कारण खरी फजिती तिथे होते. कामावर असणं म्हणजे ‘ॲट वर्क’, कामाला जाणं म्हणजे ‘गो टू वर्क’. मध्ये ‘द’ घालायचा नाही. रजेवर असाल तर ‘ऑफ वर्क’. आणि ‘आउट ऑफ वर्क’ म्हणजे बेकार! एका विद्यार्थ्याने सुट्टीवर जाताना स्वयंचलित उत्तर लावलं होतं, ‘आय ॲम आउट ऑफ वर्क टिल मंडे’. वाचणाऱ्यांना वाटलं असेल, बिचाऱ्याला सोमवारी नवी नोकरी लागणार दिसते. त्याला म्हणायचं होतं ‘आउट ऑफ ऑफिस’.

रजेच्या अर्जातलं ‘सम अर्जंट वर्क ॲट होम’ हे मला विशेष खटकतं. व्याकरणात चूक नाही; पण इंग्रजी कानाला ते घरी बसून दुसरं काहीतरी काम उरकायचंय असं लागतं. घरचं काही निघालं असेल तर ‘अ फॅमिली मॅटर’ लिहा, किंवा ‘समथिंग अर्जंट हॅज कम अप’. तपशील द्यायचा नसला तरी दोन्ही चालतात.

मी वर्गात एक सराव देते, तो घरीही करता येतो. दिवसभरात आपण बोललेली ‘काम’ असलेली मराठी वाक्यं लिहून काढायची आणि वर्क न वापरता इंग्रजीत सांगायची. ‘तुझ्याकडे एक काम होतं’ म्हणजे ‘कॅन आय आस्क यू अ फेव्हर?’ ‘साहेब कामात आहेत’ म्हणजे ‘ही इज बिझी’. ‘झालं का काम?’ म्हणजे ‘इज इट डन?’ नाटकात काम केलं असेल तर ‘रोल’ किंवा ‘पार्ट’. पंखा कामातून गेला तर ‘द फॅन इज ब्रोकन’. आणि कामापुरता मामा? तो सरळ समजावून सांगावा लागतो; त्याला जोडीदार शोधत बसू नका.

समानार्थी शब्द निवडताना मी दोनच गोष्टी विचारते: पैसे मिळतात का, आणि काम केवढं आहे? ‘जॉब’ म्हणजे पगाराची नोकरी, किंवा एखादं सुटं काम. तो मोजता येतो, म्हणून ‘आय गॉट अ वर्क’ ऐवजी ‘आय गॉट अ जॉब’. ‘एम्प्लॉयमेंट’ कागदपत्रांत शोभतं, गप्पांत नाही. ‘प्रोफेशन’ला शिक्षण-प्रशिक्षण लागतं: डॉक्टर, वकील. ‘करिअर’ म्हणजे अनेक वर्षांची वाटचाल, तेव्हा पहिल्या आठवड्यातच ‘माय करिअर इन धिस कंपनी’ लिहू नये. बिनपगारी घरकामात, रोजची कंटाळवाणी भांडी-झाडलोट हे ‘चोअर’. बाहेर जाऊन पटकन करून यायचं ते ‘एरंड’. ‘ड्यूटी’त जबाबदारी असते, त्यामुळे नर्स ‘ऑन ड्यूटी’ असते. ‘टॉइल’ आणि ‘ड्रजरी’ हे घाम आणि वैताग दाखवणारे शब्द. वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात ते टाळलेले बरे.

‘लेबर’ म्हणजे अंगमेहनत, कामगारवर्ग, आणि प्रसूतीच्या कळासुद्धा. ‘शी इज इन लेबर’ ऐकून ती मजुरी करते असं समजू नका. 

जोडशब्दांत वर्क आपला मूळचा ‘घडवणं’ हा अर्थ सांभाळून आहे. नक्षीदार फाटकांचं ‘रॉट आयर्न’ म्हणतात त्यातला ‘रॉट’ हे वर्कचंच जुनं भूतकाळी रूप, म्हणजे घडवलेलं लोखंड. नाटककाराला ‘प्लेराइट’ म्हणतात त्यातला ‘राइट’ लिहिण्याचा नसून कारागिराचा आहे, म्हणून त्याचं स्पेलिंग वेगळं. पेपरवर्क, टीमवर्क, होमवर्क हेही ‘स’ लावून घेत नाहीत. ‘होमवर्क्स’ मी रोज खोडते. फायरवर्क्स अपवाद, फटाके मोजून घ्या.

कौतुक करताना ‘नाइस वर्क’ किंवा ‘गुड जॉब’ म्हणा. ‘यू आर अ पीस ऑफ वर्क’ म्हणू नका. त्याचा अर्थ, तुम्ही म्हणजे अगदी विचित्र, नकोसा नमुना आहात.