ई-सिगारेट सोडताना निकोटिनचा हिशेब कसा ठेवावा

ई-सिगारेट सोडायचे ठरवले की बहुतेक जण आधी कमी मात्रेचे, म्हणजे दर मिलिलिटरला कमी निकोटिन असलेले लिक्विड आणतात. हे पाऊल योग्यच आहे, परंतु एवढ्याने भागत नाही, कारण शरीराला सवय जडलेली असते ती बाटलीवरील आकड्याची नव्हे, तर दिवसभरात मिळणाऱ्या एकूण निकोटिनची. समजा, एखादी व्यक्ती दर मिलिलिटरला 12 मिलिग्रॅम निकोटिन असलेले 3 मिलिलिटर लिक्विड रोज संपवते. त्या लिक्विडमध्ये 36 मिलिग्रॅम निकोटिन असते. मात्रा 6 वर आणली, पण झुरके लांबले, वाढले आणि रोज 6 मिलिलिटर लिक्विड लागू लागले, तर बेरीज पुन्हा 36 च होते आणि फुप्फुसात जाणारी वाफ मात्र दुप्पट होते.

म्हणून काहीही बदलण्याआधी एक आठवडा केवळ नोंद ठेवावी. टाकी रोज ठराविक वेळी त्याच खुणेपर्यंत भरावी आणि किती लिक्विड लागले ते लिहावे. पॉड, म्हणजे लिक्विड भरलेली छोटी कुपी, वापरत असल्यास एक पॉड किती तास पुरला ते लिहावे. उठल्यानंतर किती मिनिटांत पहिला झुरका घेतला, ही नोंदही टाळू नये, कारण अवलंबित्व किती खोल आहे हे तिच्यावरून चांगले कळते. लेबलवर टक्केवारी असेल, तर 2 टक्के म्हणजे दर मिलिलिटरला साधारण 20 मिलिग्रॅम असे धरावे. निकोटिन सॉल्टच्या (आम्ल मिसळून सौम्य केलेल्या निकोटिनच्या) लिक्विडबाबत विशेष सावध राहावे; ते घशाला टोचत नाही, त्यामुळे मोठी मात्राही गोड औषधासारखी सहज, नकळत घेतली जाते.

त्यानंतर मात्रा एक पायरी उतरवावी आणि तिथेच थांबावे. सुरुवातीला लिक्विड जास्त लागेल, त्याने खचून जाऊ नये. रोजचा खप पूर्वीच्या मिलिलिटरवर परत येऊन आठवडाभर तसाच टिकला, की मगच पुढची पायरी घ्यावी. कॅलेंडर पाहून मात्रा उतरवणाऱ्यांपेक्षा खप पाहून उतरवणाऱ्यांचा हिशेब अधिक खरा राहतो, असे माझे ठाम मत आहे.

मात्रेइतकेच महत्त्व हाताच्या सवयीला आहे. सिगारेट जळून संपते, थोटूक विझवावे लागते आणि तिथे आपोआप एक शेवट येतो. ई-सिगारेटला असा शेवटच नाही. वाचता वाचता हात खिशाकडे जातो, दोन झुरके होतात, आणि ते घेतल्याचे लक्षातही राहत नाही. हा शेवट स्वतः ठरवावा लागतो: एका वेळी दहा झुरके, मग उपकरण बंद, आणि ते खिशात नव्हे तर दुसऱ्या खोलीत. उठून जावे लागले की निम्म्या वेळा ती तलफ खरी नव्हती हे समजते. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते, त्यामुळे रात्रभराच्या खंडानंतर सकाळची तलफ सर्वांत तीव्र असते. म्हणून कपात दुपारपासून सुरू करावी आणि सकाळचा झुरका शेवटी सोडावा.

पूर्ण थांबल्यावर पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, अपुरी झोप, वाढलेली भूक आणि लक्ष न लागणे हा त्रास बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. निकोटिनची पट्टी किंवा गम घेतल्यास मदत होते, पण गम साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळू नये. चव झणझणीत लागताच तो गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावा, आणि गम घेण्याआधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी किंवा आंबट पेय घेऊ नये. गर्भवती महिलांनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जे सिगारेट सोडून इकडे वळले आहेत, त्यांना पुन्हा सिगारेटच पेटवावीशी वाटू लागली, तर त्यांनी निःसंकोच एक पायरी वर जावे आणि आणखी काही आठवडे तिथेच थांबावे.

उरलेले लिक्विड घरात साठवू नये. निकोटिन विषारी असते, ते त्वचेतूनही शोषले जाते आणि लहान मुलांना त्याचा थोडा घोटही घातक ठरू शकतो. बाटली घट्ट बंद करून, मोरीत न ओतता, घातक कचऱ्यात द्यावी आणि लिथियम बॅटरी ई-कचऱ्यात वेगळी सोपवावी.