किऑस्कसाठी टचस्क्रीन निवडताना: आधी जागा, मग इंच

स्वयंसेवा किऑस्क, म्हणजे ग्राहकाने स्वतःच पडदा दाबून तिकीट, नोंदणी किंवा ऑर्डर करायचे यंत्र, बसवायचे ठरले की पहिला प्रश्न बहुधा ‘किती इंची घ्यायचा?’ असा येतो आणि दुसरा ‘कितीला पडेल?’ असा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची पाळी नंतरची आहे. कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या दुकानाच्या दारात, मध्यवर्ती बसस्थानकाच्या फलाटालगत, शिरोलीतल्या कारखान्याच्या गेटवर आणि एखाद्या रुग्णालयाच्या वातानुकूलित नोंदणीकक्षात एकाच मापाचा, एकाच किमतीचा पडदा बसवला, तर त्यांपैकी एखाद्याच ठिकाणी तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालेल. म्हणून कोटेशन मागवण्याआधी किऑस्क जिथे उभा राहणार आहे तिथे सकाळी, भर दुपारी आणि सूर्य कलल्यावर अशा तीन वेळा जाऊन यावे. ऊन पडद्यावर कोठून येते, पावसाची झड कुठवर पोहोचते, वीज कोणत्या बोर्डावरून घ्यावी लागेल आणि मुख्य म्हणजे पडद्याला लागणारे हात कोणाचे आणि कशाने माखलेले असतील, हे लिहून काढावे. निम्मी निवड त्या कागदावरच होऊन जाते.

हात आणि टचचे तंत्र

बाजारात आज सर्वाधिक चालतो तो प्रोजेक्टेड कपॅसिटिव्ह टच, ज्याला विक्रेते थोडक्यात पी-कॅप म्हणतात. आपल्या मोबाइलमध्ये हेच तंत्र असते. काचेच्या मागे डोळ्यांना न दिसणारे संवेदकांचे जाळे असते आणि बोट जवळ आले की तिथल्या विद्युतधारितेत (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत) होणारा बदल कंट्रोलर, म्हणजे स्पर्श ओळखणारे सर्किट, टिपतो. वरची काच सलग आणि सपाट राहत असल्याने ती पुसायला सोपी जाते, कडांना कचरा साचत नाही आणि चित्रही स्वच्छ दिसते. बंदिस्त जागेतल्या बहुतेक किऑस्कसाठी डोळे मिटून हाच घ्यावा, असे माझे मत आहे. अडचण येते ती पाणी, हातमोजे आणि राठ बोटे या तिन्हींशी गाठ पडली की.

पाण्याचा थेंबही विद्युतधारिता बदलतो. त्यामुळे साध्या कंट्रोलरला थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही आणि कोणी हात न लावताही बटणे दाबली जाऊ लागतात. अंबाबाई मंदिराच्या परिसरात हातपाय धुऊन आलेला भाविक असो, की जुलैतल्या पावसात छत्री मिटून बसस्थानकावर शिरलेला प्रवासी असो, ओला हात ही कोल्हापुरात वर्षातले निदान चार महिने गृहीत धरण्याचीच गोष्ट आहे. चांगले कंट्रोलर दोन पद्धतींनी मोजमाप करून थेंब वेगळा ओळखतात, पण ती सोय प्रत्येक संचात नसते आणि असली तरी कारखान्यातून चालू करून दिलेली असतेच असे नाही. जाड चामडी हातमोजे घातलेल्या कामगाराची गतही तशीच: संवेदनक्षमता वाढवून घेतली नाही, तर पडदा त्याला ओळखतच नाही. तिसरी अडचण मात्र फार कमी जण विचारात घेतात. ऊसतोडीने, मातीकामाने किंवा फाउंड्रीतल्या कामाने ज्यांच्या बोटांची टोके कडक आणि कोरडी झाली आहेत, त्यांचा स्पर्श पी-कॅपला अनेकदा क्षीण वाटतो. साखर कारखान्याच्या किंवा दूधसंस्थेच्या आवारात किऑस्क ठेवायचा असेल, तर चाचणी कार्यालयातल्या लेखनिकाच्या बोटाने न करता तिथल्याच सभासदाच्या बोटाने करावी.

दुसरे तंत्र इन्फ्रारेडचे. इथे पडद्याच्या चौकटीत अदृश्य प्रकाशकिरणांचे जाळे असते आणि ते कोणत्याही वस्तूने तुटले की स्पर्श नोंदला जातो, मग ते मोजा घातलेले बोट असो, पेनाचे टोक असो की कोपर असो. मोठ्या मापात ते स्वस्त पडते आणि काच हवी तेवढी जाड घेता येते. पण किरण अडवायला माशीही पुरते. गुळाच्या हंगामात मार्केट यार्डात ज्याने घटकाभर घालवली आहे, त्याला तिथे इन्फ्रारेड पडदा का बसवू नये हे वेगळे सांगावे लागणार नाही. शिवाय चौकटीची कड पडद्यापेक्षा किंचित उंच असते. त्या खोबणीत जोतिबाच्या यात्रेतला गुलाल किंवा रस्त्याची बारीक धूळ साचली की कडेची बटणे आपोआप दबलेली राहतात, आणि थेट ऊन चौकटीवर आले तरी गोंधळ होतो. सावलीतल्या, रोज पुसल्या जाणाऱ्या, ४३ इंच किंवा त्याहून मोठ्या पडद्यासाठी मात्र हे तंत्र वाईट नाही.

रेझिस्टिव्ह टच दाबावर चालतो. वरचा लवचिक थर खालच्या थराला टेकला की स्पर्श नोंदतो, त्यामुळे ओला हात, मोजा, नख, सगळे चालते. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: वरचा थर प्लॅस्टिकचा असल्याने त्यावर ओरखडे पडतात, प्रकाश कमी आरपार येतो आणि मोबाइलची सवय झालेला ग्राहक दाब न देता नुसते बोट टेकवून ‘हे चालत नाही’ म्हणत निघून जातो. कारखान्यातल्या यंत्राच्या पॅनेलला ते आजही शोभते, सार्वजनिक किऑस्कला सहसा नाही. घ्यायचेच झाले तर फोर-वायरपेक्षा फाइव्ह-वायर प्रकार घ्यावा, कारण त्यात वरचा थर झिजला तरी अचूकता लवकर ढळत नाही. काचेवरून ध्वनिलहरी सोडणारे चौथे तंत्रही आहे. त्याची काच नितळ असते, पण थेंब आणि धूळ दोन्ही त्याला सोसत नाहीत, म्हणून आपल्याकडच्या उघड्या जागांसाठी त्याचा विचार सोडून दिलेला बरा.

डेमोच्या वेळी पुरवठादाराच्या टेबलावर कोरड्या बोटाने दोन चित्रे सरकवून समाधान मानू नये. पडद्यावर पाण्याचे पाच-सहा थेंब शिंपडून ते तसेच ठेवावेत आणि शेजारचे बटण दाबून पाहावे. मिसळीच्या हॉटेलसाठी किऑस्क असेल तर तर्रीचा हात कागदाने नुसता टिपून पडदा चालवावा, कारण ग्राहक दुसरी ऑर्डर त्याच हाताने देणार आहे. रुग्णालयासाठी असेल तर सॅनिटायझर लावलेला, अजून न वाळलेला हात लावून पाहावा.

ऊन, उजेड आणि काच

पडद्याची दीप्ती निट्समध्ये मोजतात. बंदिस्त खोलीत २५० ते ३५० निट्स पुरतात, काचेच्या दर्शनी भागालगत किंवा उघड्या व्हरांड्यात ५०० ते ७०० लागतात आणि उघड्यावर १००० च्या पुढे जावे लागते. माहितीपत्रकातला आकडा टचची काच बसवण्यापूर्वीचा आहे की नंतरचा, हे विचारून घ्यावे, कारण मधल्या प्रत्येक थरात थोडा उजेड खर्ची पडतो. निट्स वाढले की वीज आणि उष्णताही वाढते, आणि बंद पत्र्याच्या पेटीत ती उष्णता कोंडली की पडद्याचे आयुष्य घटते. पारा चाळिशीकडे झुकलेला असताना दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या साध्या एलसीडीवर काळे डाग पसरताना दिसतात. द्रव स्फटिक ठरावीक तापमानाच्या वर आपले काम सोडून देतात म्हणून ते उमटतात आणि पडदा गार झाला की बहुधा जातात. उन्हासाठी बनवलेल्या पॅनेलची (काचेमागच्या, चित्र दाखवणाऱ्या एलसीडीची) ही सहनमर्यादा ११० अंश सेल्सिअसपर्यंत असते. अर्थात, किऑस्कचे तोंड पश्चिमेकडून उत्तरेकडे फिरवायला एक पैसाही लागत नाही आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

काच आणि पॅनेल यांच्यात हवेची पोकळी असेल तर काचेच्या मागच्या आणि पॅनेलच्या पुढच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून सुमारे चार-चार टक्के उजेड परावर्तित होतो आणि चित्र फिके पडते. पावसाळ्यात रात्री किऑस्क बंद राहिला की याच पोकळीत दव धरते आणि सकाळी पडदा आतून धुरकट दिसतो. तो बाहेरून कितीही पुसला तरी साफ होत नाही. पोकळी पारदर्शक डिंकाने भरून टाकण्याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात. त्याने किंमत वाढते आणि काच फुटली तर बहुतेक वेळा पॅनेलसकट बदलावी लागते, तरीही अर्ध्या उघड्या जागेसाठी हा खर्च मी टाळू देणार नाही.

काच टफन्ड असावी हे सांगायला नको. ती किती आघात सोसते हे आयके या मानांकनावरून कळते: आयके ०८ म्हणजे ५ ज्यूल, आयके १० म्हणजे २० ज्यूल. बसस्थानकासारख्या ठिकाणी आयके १० मागावे, दुकानात आयके ०७ किंवा ०८ पुरे. पाणी आणि धूळ यांसाठीचे आयपी ६५ हे मानांकन अनेकदा फक्त पुढच्या भागापुरते असते. मागची बाजू उघडी असलेला ओपन-फ्रेम मॉनिटर घेतल्यास उरलेले संरक्षण कॅबिनेट बनवणाऱ्यावर अवलंबून राहते. उद्यमनगरात पत्र्याचे आणि पावडर कोटिंगचे उत्तम काम करून मिळते, पण फॅब्रिकेटरला मॉनिटरच्या मापांचे ड्रॉइंग आधी द्यावे, गॅस्केटची (फटीतून पाणी आणि धूळ अडवणाऱ्या पट्टीची) जागा दाखवावी आणि गरम हवा वरून बाहेर पडायला जाळी ठेवायला सांगावे. पंचगंगेचे पाणी २०१९ आणि २०२१ साली ज्या वस्त्यांत शिरले, तिथे संगणक आणि यूपीएस कॅबिनेटच्या तळाशी न ठेवता पडद्याच्या मागे वर बसवून घ्यावेत.

माप, उंची आणि मराठी अक्षर

आता इंच. २१.५ इंची फुल एचडी पडद्यावर दर इंचाला सुमारे १०२ ठिपके येतात, ३२ इंचीवर सुमारे ६९ आणि ४३ इंचीवर जेमतेम ५१. किऑस्कसमोरचा माणूस हातभर अंतरावर उभा असतो. त्या अंतरावरून ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा बारीक मजकूर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो, आणि जोडाक्षरे, रफार, अनुस्वार यांच्यामुळे देवनागरीत तो दोष रोमन लिपीपेक्षा जास्त खुपतो. ‘राष्ट्रीयीकृत’ किंवा ‘शस्त्रक्रिया’ असे शब्द आपल्या प्रत्यक्ष फॉन्टमध्ये, प्रत्यक्ष मापात दाखवून बघावेत. मोठा पडदा हवाच असेल तर फोर-के घ्यावा किंवा अक्षरे ठळक ठेवावीत. तिकीट, नोंदणी, ऑर्डर अशा कामांना २१.५ ते ३२ इंच पुरेसे असतात. त्यापलीकडचा पडदा जाहिरातीसाठी घेतला जातो, हे मनाशी मान्य करून घ्यावा.

पडदा उभा बसवायचा असेल तर पॅनेल आयपीएस प्रकारचेच, म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारे, हवे. टीएन हा दुसरा, स्वस्त प्रकार: ते पॅनेल आडवे असताना बरे दिसते, पण उभे केले की एका बाजूने पाहणाऱ्याला रंग उलटेपालटे दिसतात. ध्रुवीकृत गॉगल घातलेल्या माणसाला काही पडदे एका स्थितीत पूर्ण काळे दिसतात, तेव्हा तसा गॉगल डेमोला सोबत न्यावा.

उंचीबाबत अमेरिकेच्या सुगम्यता मानकात हात पोहोचण्याची मर्यादा जमिनीपासून ३८० ते १२२० मिलिमीटर धरली आहे. आपल्याकडेही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक सेवा सुगम असणे अपेक्षित आहे, म्हणून उभ्या ४३ इंची पडद्यावर दाबण्याची सर्व बटणे खालच्या निम्म्या भागात घेऊन वरचा भाग निव्वळ माहितीसाठी ठेवावा. बटण निदान पंधरा-वीस मिलिमीटरचे असावे.

वीज, अर्थिंग आणि खरेदीचे कागद

पी-कॅप पडदा अर्थिंगविषयी फार हळवा असतो. उद्यमनगरातल्या एखाद्या गाळ्यात किऑस्क उभा करा आणि शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग सुरू होऊ द्या: अर्थिंग कच्चे असेल तर पडद्यावरचा बाण आपोआप उड्या मारू लागतो, याद्या स्वतःहून सरकतात, आणि वेल्डिंग थांबले की सारे पुन्हा शांत होते. दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ अशा वेळी पडदा बदलून जातो आणि दोष तसाच राहतो. म्हणून बसवण्यापूर्वी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील विद्युतदाब मल्टिमीटरने मोजावा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर आधी वायरमन बोलवावा. मॉनिटरची धातूची चौकट कॅबिनेटला आणि कॅबिनेट अर्थला जोडलेले आहे, हेही हाताने तपासावे, कारण पावडर कोटिंगचा थर वीज वाहू देत नाही आणि स्क्रूखालचा रंग खरवडायचे राहून जाते. टचची यूएसबी केबल पाच मीटरपेक्षा लांब ओढू नये आणि ती वीजपुरवठ्याच्या वायरीसोबत बांधू नये.

घरगुती टीव्हीला वरून टच-फ्रेम लावून देणारे विक्रेते भेटतील. टीव्ही दिवसभर, त्यातही उभा चालवण्यासाठी बनवलेला नसतो आणि व्यावसायिक वापरात त्याची वॉरंटी सहसा लागू होत नाही. बॅकलाइटचे (पडद्यामागच्या दिव्यांचे) आयुष्य ५०,००० तास लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ तेवढ्या तासांनी दीप्ती निम्मी होते, असा असतो. रोज बारा तास चालणाऱ्या दुकानात ती मुदत अकरा वर्षांहून अधिक भरते, चोवीस तास चालणाऱ्या ठिकाणी सहाही भरत नाहीत. मॉनिटरवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. कोटेशनमध्ये पॅनेलचे आणि टच कंट्रोलरचे मॉडेल स्वतंत्र लिहून घ्यावे, वॉरंटीत काच फुटणे धरले आहे का हे स्पष्ट करून घ्यावे, आणि बिघाड झाल्यास तंत्रज्ञ कोल्हापुरात येणार की मॉनिटर खोलून पुण्या-मुंबईला पाठवावा लागणार, हे लेखी मागावे. पाठवावाच लागणार असेल तर तेवढ्या दिवसांसाठी पर्यायी संच देण्याची अट घालावी. तीही पुरवठादाराला मान्य नसेल तर एक जादा कंट्रोलर आणि एक जादा केबल मूळ ऑर्डरमध्येच घालून घ्यावी, कारण टच बंद पडण्याच्या तक्रारी पुष्कळदा तेवढ्यावरच मिटतात आणि दोन वर्षांनी तोच कंट्रोलर सुटा मिळणे कठीण जाते.