श्रद्धेला समर्थन हवे का, हे स्वतःपुरते कसे तपासावे

श्रद्धेचे समर्थन मागितले गेले की आपण लगेच बचावाच्या पवित्र्यात जातो. त्याऐवजी आपली श्रद्धा आधी एका वाक्यात कागदावर लिहावी आणि ते वाक्य जगाविषयीचा दावा आहे की जगण्याचा आधार, हे पाहावे. ‘प्रार्थनेने ताप उतरतो’ हा दावा आहे आणि त्याला पुरावा लागतोच. रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसलेल्या माणसाने ‘मी एकटा नाही’ असे पुटपुटत डोळे मिटणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्याकडे पुरावा मागणे मला अन्यायाचे वाटते.

यानंतर त्या श्रद्धेची किंमत कोण मोजतो, हे विचारावे. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञांनी १८७७ मध्ये एका जहाजमालकाचे उदाहरण दिले: जुने जहाज सुखरूप पोहोचेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि प्रवासी बुडाले. जहाज तरले असते तरी तो दोषीच होता, असे क्लिफर्ड म्हणतात, आणि जिथे इतरांचा जीव पणाला लागतो तिथे मला ते पूर्णपणे पटते. मात्र १८९६ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी क्लिफर्ड यांना दिलेले उत्तरही विचारात घ्यावे: निवड टाळता येत नसेल, ती आयुष्याला वळण देणारी असेल आणि बुद्धीला निर्णय देता येत नसेल, तर मनाचा कौल मानण्याचा माणसाला अधिकार आहे.

कोणी कारण विचारल्यास ‘हा माझा अनुभव आहे, तुमच्यासाठी तो पुरावा नाही’ इतके शांतपणे सांगावे. परंतु श्रद्धेपायी मुलाचे औषध थांबवायचे असेल, तर एवढे उत्तर पुरत नाही.