आर्ट घेऊ की डिझाईन? आधी 'का' ते शोधा, ते असं

बारावीचे पेपर संपले की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ताई आर्ट घेऊ की डिझाईन. मी आधी विचारते, का घ्यायचंय? मग उत्तरं येतात, गणित नको म्हणून, शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती म्हणून, मैत्रीण चाललीये म्हणून. चुकीचं काहीच नाही त्यात, पण बीएफएची, म्हणजे कलेच्या पदवीची 4 वर्षं काढायला एवढं पुरत नाही, म्हणून हे अकरावीतच करून बघा.

एक महिना रोज तासभर स्केचिंग करायचं, मोबाईलवरचा फोटो बघून नाही, बाहेर जाऊन. सकाळी आपल्या नाशिकच्या गोदाघाटावर जा, आपले चित्रकार शिवाजी तुपे सरांनी हाच घाट जलरंगात रंगवलाय. पायऱ्या जमतील, देवळांचे कळस पण जमतील, पण कपडे पिळणारी बाई अर्ध्या रेषेतच उठून जाते आणि मग उरलेलं आठवून काढावं लागतं. आठवडाभरात हात दुखेल, चित्रं वाईट येतील, कंटाळा येईल, येऊ द्या. बघायचं एवढंच, की एखादा दिवस बुडला तर चुकल्याचुकल्यासारखं होतंय का.

मग घरातला तांब्या समोर घ्या, भांडी बाजारातून आणलेला असेल तर उत्तमच. एका पानावर तो नुसता बघून काढा, पोचे, कडेवरची उजेडाची रेघ, पोटात वाकडी दिसणारी खिडकी, सगळं. दुसऱ्या पानावर त्यात पाणी भरून ओतून बघा आणि लिहीत जा, पाणी कडेवरून खाली ओघळतं का, बोटं दुखणारी आजी तो कुठे धरते, ओल्या हातातून निसटतो का, मग गळा थोडा बारीक केला तर काय होईल, असे निदान 10 तांबे काढा. ज्या पानावर वेळ कसा गेला कळलं नाही तिकडे तुमचा ओढा आहे, पहिलं असेल तर फाइन आर्ट, दुसरं असेल तर प्रॉडक्ट डिझाईन. आणि तो तांब्या लोकांनी घ्यावा म्हणून पोस्टर कसं करायचं हेच डोक्यात घोळत राहिलं तर अप्लाइड आर्ट बघा.

तारखांचं मात्र आत्ताच लिहून ठेवा. यूसीड ही डिझाईनच्या पदवीची प्रवेश परीक्षा आयआयटी बॉम्बे घेते, ती जानेवारीत असते आणि फॉर्म त्याच्या आधीच भरून होतात, म्हणजे बारावीनंतर जागं झालं तर ते वर्ष गेलंच, दरवर्षी मुलं इथेच अडकतात आणि मला फार वाईट वाटतं. एनआयडी, निफ्ट या डिझाईन-फॅशनच्या संस्थांच्या परीक्षांचं पण आधीच बघून ठेवा. महाराष्ट्रातल्या बीएफएसाठी एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा, तिच्यात ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाईन प्रॅक्टिकल आणि जीके, म्हणजे घाटावरचं अर्धवट राहिलेलं चित्र आठवून पुरं केलं तीच मेमरी ड्रॉइंगची तयारी झाली. सायन्स, कॉमर्स, काहीही असलं तरी चालतं.

घरी पोटापाण्याचं विचारतीलच, आणि त्यांनी विचारायलाच हवं. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकले, मग फोटोग्राफी केली, छपाईचा धंदा केला आणि 1913 ला राजा हरिश्चंद्र आणला, हातातली कला अशी कुठेही वळते हे सांगाच, पण तेवढ्याने बाबांचं समाधान होणार नाही. फीचा आकडा, हॉस्टेलचा खर्च, पास झालेली 2-3 मुलं आज काय करतात हे त्यांच्याशीच बोलून एका कागदावर लिहा, आणि तो कागद महिनाभराच्या स्केचबुकसोबत बाबांच्या हातात द्या. पहिलं पान वाईट आलंय म्हणून फाडू नका, पहिलं आणि तिसावं शेजारी शेजारी बघू देत त्यांना.