सलग जिंकताय? मग या चुका टाळा

नागपुरात महाल या भागाच्या बाजूला आमची एक अभ्यासिका आहे. दिवसभर एमपीएससीची पोरं तिथं मान मोडून बसलेली असतात. शनिवारी संध्याकाळी सात वाजले की टेबलं भिंतीला लागतात, तीन खुर्च्या मांडल्या जातात आणि बर्डीच्या बाजारातून आणलेल्या सुट्या पार्टांचं बझर जोडलं जातं. मग क्विझ. नियम अमेरिकेतल्या 'जेपर्डी!' या टीव्ही शोचा उचललाय: जो जिंकला तो पुढच्या वेळी परत खुर्चीवर, समोर दोन नवे. त्या खुर्चीला पोरं 'गादी' म्हणतात.

एका पोरानं ही गादी अकरा शनिवार राखली. बाराव्या शनिवारी गेली. ती कशी गेली ते पुढे सांगतो, पण एवढ्या वर्षांत गादीवरून उतरलेल्यांना विचारलं तर दहातले आठ म्हणतात, "सर, येत होतं न ते!" आणि खरंच येत असतं.

करोडपतीची सवय घेऊन बसणे

आपल्याकडे क्विझ म्हटलं की 'कौन बनेगा करोडपती'. 2019 साली अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या तेव्हा आमच्याकडे पोरांनी आठवडाभर दुसरा विषय काढला नव्हता. पण त्या खेळात समोर प्रश्न असतो, माणूस नसतो. चार पर्याय असतात, मोठ्यानं विचार करता येतो, नाही जमलं तर पैसे घेऊन उठता येतं. आणि जिंकलेला दुसऱ्या दिवशी परत हॉट सीटवर येत नाही.

'जेपर्डी!'त यातलं काहीच नाही. पर्याय नाहीत, उठून जाणं नाही, आणि शेजारी दोघं तुमच्याच उत्तरावर टपलेले. पूर्वी तिथंही पाच दिवस जिंकलं की निरोप मिळायचा. 2003 मध्ये ती अट काढली आणि पुढच्याच वर्षी केन जेनिंग्ज सलग 74 वेळा जिंकला. तेव्हा सराव करताना पर्याय झाकून करा. एवढंच.

बझर घाईनं दाबणे

तक्रार नेहमीची: "सर, बटन दाबलं न मी, लागूनच नाही राहिलं!" नव्वद टक्के वेळा बटन चांगलं असतं. यानं ते लवकर दाबलेलं असतं.

'जेपर्डी!'त सूत्रसंचालकाचा शेवटचा शब्द संपल्यावर पडद्यामागचा एक माणूस बझर खुले करतो आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे दिवे लागतात. हे दिवे स्पर्धकांना दिसतात, घरी बघणाऱ्याला दिसत नाहीत. त्याआधी दाबलं तर तुमचं बझर पाव सेकंद बंद, म्हणजे 'लॉक'. पाव सेकंदात शेजारचा उत्तर देऊन मोकळा. जुन्या विजेत्याचा मोठा फायदा हाच असतो की ही लय त्याच्या बोटात बसलेली असते. नवा माणूस पहिला अर्धा खेळ ती शोधण्यात घालवतो.

आमच्याकडे एका इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरानं तशीच सोय करून दिली. आणि एप्रिल लागताच गादीवाला धडाधड चुकायला लागला. आधी वाटलं सर्किट गरम होतंय. मग सोल्डरिंग तपासलं, वायर बदलली. शेवटी कळलं की भानगड कूलरची होती. आमचा कूलर लोखंडी, जुना, ट्रॅक्टरसारखा आवाज करणारा, आणि तो नेमका गादीच्या मागे. प्रश्नाचा शेवटचा शब्द त्याला ऐकूच यायचा नाही, मग तो अंदाजानं दाबायचा. समोरच्या दोघांना शब्द ऐकू यायचा. खुर्च्यांची जागा बदलली आणि बझर आपोआप 'दुरुस्त' झालं.

तर बझर लागत नसेल तर आधी हे पाहा: प्रश्न संपल्याचं तुम्हाला कशावरून कळतं, कानावरून की दिव्यावरून? कानावर खेळणारा जलद असतो, पण वाचणारा बदलला की फसतो. दिव्यावर खेळणारा किंचित मागे पडतो, पण त्याचं सहसा लॉक होत नाही. माझं मत विचाराल तर कानावर खेळा आणि दोनदा लॉक झालं की मुकाट दिव्याकडे या. सराव घरी बॉलपेनच्या खटक्यावर होतो. घरच्यांचं डोकं उठतं, त्याला इलाज नाही.

शेवटच्या डावात मनाला येईल ते लावणे

आता अकरा शनिवारांची गोष्ट. शेवटच्या प्रश्नाआधी आपल्याजवळच्या गुणांतून किती लावायचे ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं. बरोबर आलं तर तेवढे वाढतात, चुकलं तर तेवढे जातात. आमच्या पोराकडे 52 होते, दुसऱ्याकडे 30, तिसरा फार मागे. पोरानं लावले 40. उत्तर चुकलं, उरले 12. दुसऱ्याचंही चुकलं होतं! पण त्यानं पाचच लावले होते. 25 गुणांवर तो गादीवर बसला.

हिशेब चौथीतल्या पोराचा आहे. दुसऱ्यानं सगळे लावून बरोबर उत्तर दिलं तर तो फार तर 60 वर जाणार. आपल्याला हवेत 61. म्हणजे लावायचे नऊ. नऊ लावून चुकला असता तरी 43 उरले असते आणि गादी राहिली असती. उत्तर माहीत नसतानाही जिंकण्याची सोय होती, ती त्यानं जोशात घालवली. "काहून बे लावले चाळीस?" विचारलं तर म्हणाला, "अकरा वेळा जिंकलो होतो न सर."

उलट बाजूही बघा. जेम्स होल्झॉअर 2019 मध्ये 'जेपर्डी!'त सलग 32 वेळा जिंकला. मोठमोठ्या रकमा बेधडक लावणारा गडी, एकाच डावात 1,31,127 डॉलरचा विक्रम त्याचाच. हरला त्या दिवशी शेवटच्या प्रश्नाआधी तो 23,400 वर होता, एमा बॉचर 26,600 वर, तिसरा 11,000 वर. त्यानं लावले फक्त 1,399. लोक म्हणाले, मुद्दाम हरला. मुद्दाम कसला! तिसऱ्याचे दुप्पट 22,000 होतात, आणि 23,400 मधून 1,399 गेले तर उरतात 22,001. म्हणजे स्वतः चुकला तरी तिसरा त्याला गाठू शकत नव्हता. एमाला पहिलं राहायचं तर त्याच्या दुपटीच्या वर, म्हणजे 46,801 ला पोचेल एवढं लावणं भाग होतं. ती चुकली असती तर थेट खाली आली असती आणि याचीच गादी राहिली असती. ती चुकली नाही. एमा ग्रंथपाल, आणि तिनं पदव्युत्तर शिक्षणात याच शोच्या प्रश्नांची काठिण्यपातळी कशी ओळखावी यावर काम केलेलं. अशापुढे हरण्यात लाज नाही. चुकून हरणं आणि बरोबर खेळून हरणं यातला फरक ज्याला कळत नाही तो पुढच्या वेळी बरोबर असलेली गोष्टच बदलून बसतो. हे मी आमच्याकडे तीनदा पाहिलंय.

अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहिणे

आमच्या पोराचा प्रश्न असा होता: 1956 पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होतं, त्या राज्याचा कारभार आज कोणत्या शहरातून चालतो? त्यानं लिहिलं मुंबई. नागपूर आणि 1956 एवढं दिसल्यावर डोकं सरळ विदर्भ मुंबई राज्यात गेला तिकडे धावलं. विचारलं होतं मध्य प्रदेशाबद्दल. उत्तर भोपाळ. रोज याच विषयाचे नोट्स काढणारा पोरगा!

मोठ्यांचंही असंच होतं. एमी श्नायडर 40 डाव जिंकून 2022 मध्ये ज्यावर अडली ते उत्तर होतं बांगलादेश: लोकसंख्येत पहिल्या दहातला असा एकच देश, ज्याच्या इंग्रजी नावाच्या शेवटी 'एच' येतो. तिला काहीच सुचलं नाही. जेनिंग्जला 75व्या डावात विचारलं, कोणत्या कंपनीचे 70,000 हंगामी पांढरपेशे कर्मचारी वर्षातून चारच महिने काम करतात? त्यानं कुरिअरची कंपनी सांगितली, हवी होती कर विवरणपत्रं भरून देणारी. 'पांढरपेशे' या शब्दात अर्धं उत्तर होतं. कुरिअरवाल्यांचा हंगाम म्हणजे पार्सलं उचलणारी माणसं. त्यानं लावलेली रक्कम मात्र चोख होती. त्याचे 14,400, समोरच्या नॅन्सी झर्गचे 10,000, यानं लावले 5,601. तिनं 4,401 लावून 14,401 केले आणि ती जिंकली.

उपाय: उत्तर लिहिण्याआधी प्रश्नातला जो शब्द तुम्ही वापरलाच नाही तो शोधा. आमच्याकडे आता पोरं चिठ्ठीवर तो शब्द आधी लिहितात.

थकवा हिशेबात न धरणे

टीव्हीवर सोमवार ते शुक्रवार दिसणारे 'जेपर्डी!'चे पाच भाग एकाच दिवशी चित्रित होतात. विजेता मध्ये फक्त कपडे बदलून येतो, म्हणून स्पर्धकांना जास्तीचे कपडे आणायला सांगतात. चौथ्या-पाचव्या डावाला तोच माणूस तोच राहत नाही. आमच्याकडे आठवड्याला एकच डाव, तरी दुपारी तर्री पोहे हाणून आलेला गादीवाला सात वाजता पेंगतो. पोहे नंतर खा.

आपल्याच विषयात खोल खोल जाणे

जिंकायला लागलं की माणूस आवडीचंच वाचतो. आमचा पोरगा इतिहासात पक्का, पण क्रिकेट सोडून एकही खेळ त्याला माहीत नव्हता. होल्झॉअरनं कच्च्या विषयांसाठी वाचनालयातली लहान मुलांची पुस्तकं वाचली होती. एकवीस वर्षांच्या पोरांना ते कमीपणाचं वाटतं. वाटू दे. पक्षी, वाद्यं, शरीराचे अवयव, सूर्यमाला यांची बालवाचनालयातली चित्रांची पुस्तकं आणून मी ती एका कप्प्यात ठेवली. कोणी बघत नसताना ती जागेवरून हललेली असतात.

पोरगा महिन्याभरानं परत आला, या वेळी समोरच्या खुर्चीवर. शेवटच्या डावाला त्यानं चिठ्ठीच्या मागे काहीतरी खरडलं, खोडलं, परत मांडलं. जिंकला एका गुणानं. आता पावसाळा लागलाय, कूलर बंद आहे, आणि अभ्यासिकेचं छत टिनाचं. पाऊस आला की प्रश्नाचा शेवटचा शब्द तिन्ही खुर्च्यांना ऐकू येत नाही.